रक्तातील निवड-पाखड

चैत्र सरत आला म्हणजे आमच्या मनमाडच्या घरी गहू भिजत पडतात. तीन दिवस ते पाण्यात असावयाचे, पाणी रोज बदलावयाचे, चौथ्या दिवशी वाटून चोथा पिळून काढावयाचा, राहिलेले पातळ फडक्यातून गाळावयाचे आणि रात्रभर पातेल्यास कोणी हात लावू नये अशी घरात ताकीद द्यावयाची. सकाळी पाहावे तो वर पिवळसर आंबूस पाणी आणि तळाशी पांढराशुभ्र चीक. ज्या गावी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात नळाचे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येत आले, तेथे गव्हाचे पाणी रोज बदलणे हा थोडा उधळेपणाच होय. परंतु कुरडया केल्यावाचून उन्हाळा सरला असे या घरात आजवर झालेले नाही. आमच्या थोरल्या भगिनी अक्का ब्याऐंशीव्या वर्षीही पातेल्याजवळ जातीने बसतात आणि वरचे पाणी स्वतःच्या हाताने ओततात. दुसऱ्या कोणी ओतले तर पाण्याबरोबर चीक जातो, असा त्यांचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन या गडबडीत आमची एक नात पुण्याहून सुटीस आली. ती पेशीविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत काम करते. पातेल्यात डोकावून ती म्हणाली, "अक्काआजी, आम्ही दिवसभर हेच करतो. फक्त गव्हाच्या जागी माणसाचे रक्त असते." अक्कांनी "शिव शिव!" म्हणून पातेल्यावर झाकण ठेवले आणि सगळे हसले. परंतु आम्हांस त्या वाक्याने गप्प बसू दिले नाही. त्यानंतर आम्ही तिला विचारून आणि तिने आणून दिलेली पुस्तके वाचून जे समजून घेतले ते येथे मांडीत आहोत. हा खटाटोप करण्यास आम्हांस घरगुती असे दुसरेही एक कारण घडले. ते त्याच्या जागी येईल.

प्रथम चिकाचेच पाहू. गव्हाच्या दाण्यात पिष्टाचे अतिसूक्ष्म कण, आमच्या गावच्या अन्न महामंडळाच्या कोठारांत पोती रचलेली असतात तसे, खच्चून भरलेले असतात. भिजवल्याने दाणा सैल होतो, वाटल्याने पेशींच्या भिंती मोडतात आणि कण पाण्यात मोकळे होतात. ते पाण्याहून जड, म्हणून तळाशी बसतात. कोंडा फडक्यात राहतो, जे विरघळणारे ते वरच्या पाण्यात जाते. आता एखाद्या नवख्या सुनेने घाईने त्यात कढत पाणी ओतले तर काय होईल? कण फुगून फुटतील, सगळ्याची खळ होईल आणि मग रात्रभर नव्हे, आठवडाभर ठेवले तरी तळाशी काही बसावयाचे नाही. घर तर मोडावयाचे, पण घरातले एकही भांडे फुटू द्यावयाचे नाही, अशी ही अट आहे. श्वेतपेशींच्या बाबतीत शास्त्रज्ञ गेली दीडशे वर्षे हीच अट पाळू पाहत आले.

रक्ताच्या एका घनमिलिमीटरात तांबड्या पेशी सुमारे पन्नास लक्ष, तर पांढऱ्या अवघ्या चार ते अकरा हजार. या पांढऱ्यांतही निम्म्याहून अधिक ज्या असतात त्यांस न्यूट्रोफिल म्हणतात. शरीरात रोगजंतू शिरला की प्रथम धावतात त्या या. आपल्या हाडांतील मज्जा अशा पेशी दररोज सुमारे शंभर अब्ज इतक्या घडवते, आणि एवढ्या घडवूनही त्यांचे आयुष्य फार तर काही दिवसांचे. गळवातून निघणारा पू म्हणजे मुख्यतः कामी आलेल्या या शिपायांचा ढीग होय. एकेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. तिच्या पोटात अनेक पाळ्यांचे एक केंद्रक आणि त्याच्या भोवती शेकडो कण. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास कापड रंगविण्याच्या रंगांनी रक्त रंगवून हे कण प्रथम स्पष्ट दाखविले आणि त्यांच्या रंगावरून पेशींची नावे ठेवली. जंतूंना गिळून फस्त करणाऱ्या पेशी असतात हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी दाखवून दिले, आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक या दोघांत वाटले गेले.

परंतु कण दिसणे निराळे आणि कणात काय आहे हे समजणे निराळे. रस्त्यावरून जाताना एखाद्या घरातून फोडणीचा वास येतो. त्यावरून आत स्वयंपाक चालू आहे इतके कळते, पण मोहरी कोणत्या डब्यात आणि हिंग कोणत्या, हे कसे सांगणार? त्यास डबे एकेक करून, झाकण न उघडता, बाहेर आणून मांडले पाहिजेत.

या कामाचा पहिला मोठा यत्न एका खऱ्याखुऱ्या स्वयंपाकघरातच झाला. १८६८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरचा फ्रीडरिश मीशर नावाचा चोवीस वर्षांचा तरुण जर्मनीतील ट्युबिंगेन येथे गेला. तो वैद्यकीचा पदवीधर. पण आजारपणामुळे कानांनी कमी ऐकू येऊ लागलेले, तेव्हा रोगी तपासण्याऐवजी त्याने रसायनशास्त्र धरले. ट्युबिंगेनच्या जुन्या किल्ल्यात होप्पे-झायलर नावाच्या आचार्यांनी प्रयोगशाळा थाटली होती, आणि मीशर यास जी जागा मिळाली ती किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात. भट्टीच्या जागी काचेची भांडी मांडलेली.

श्वेतपेशी पुष्कळ हव्यात तर त्या मिळवाव्यात कोठून? मीशरने गावच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून जखमांवरच्या पुवाने भरलेल्या पट्ट्या मागवल्या. जंतुनाशकांचा वापर तेव्हा रूढ झालेला नसल्याने पुवास तोटा नव्हता. आमच्या सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या वाचकांस येथे शिसारी येईल हे आम्ही जाणतो. अक्कांना हे सांगितले तेव्हा त्यांनी तो विषय जेवणानंतर काढावा अशी सूचना केली. तथापि हा मनुष्य त्या पट्ट्या हुंगून, ज्या कुजल्या असतील त्या फेकून देऊन, ताज्या तेवढ्या निवडून घेई.

पट्ट्यांवरच्या पेशी धुऊन काढण्यास त्याने नाना क्षारांची पाणी वापरून पाहिली. साध्या मिठाच्या पाण्यात पेशी फुगून सगळ्याचा बुळबुळीत लगदा होई. शेवटी ग्लॉबर नावाचा जो क्षार पूर्वी रेचक म्हणून देत असत, त्याच्या पातळ द्रावणात पेशी शाबूत सुटल्या. मग फडक्यातून गाळून कापसाचे तंतू काढले आणि पेशी आपल्या वजनाने भांड्याच्या तळाशी बसू दिल्या, कारण फिरवून बसवण्याचे यंत्र त्याच्यापाशी नव्हते. पुढे पातळ आम्लात, थंडीच्या दिवसांत, आठवडेच्या आठवडे धुऊन, ईथरबरोबर हलवून, डुकराच्या जठरातून काढलेल्या पाचकरसाने बाहेरचा भाग पचवून टाकून, त्याने अखेर निव्वळ केंद्रके हाती घेतली. त्यांच्यातून जे द्रव्य निघाले ते ना प्रथिन, ना स्निग्ध. त्यात फॉस्फरस पुष्कळ. त्याने त्यास 'न्यूक्लीन' म्हटले. आचार्य होप्पे-झायलर यांस ही गोष्ट इतकी नवलाची वाटली की सारे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिल्यावाचून त्यांनी शिष्याचा लेख छापू दिला नाही. तो १८७१ मध्ये निघाला. आज ज्यास डीएनए म्हणून शाळकरी मुलेही ओळखतात ते हे द्रव्य होय. ते प्रथम जगास सापडले ते पुवाच्या पट्टीत.

मीशरने केंद्रक मिळवले. भोवतालच्या कणांचा मात्र त्याच्या रीतीत चेंदामेंदा होई. कण शाबूत काढावयाचे तर दोन साधने हवी होती. पहिले म्हणजे सेंट्रिफ्यूज. चीक रात्रभरात बसतो तो पृथ्वीच्या ओढीने. नळी गरागरा फिरवली तर हीच ओढ हजारो पटींनी वाढवता येते. थोडा वेळ हळू फिरवावे तो मोठी केंद्रके बसतात, वरचे पाणी दुसऱ्या नळीत काढून जोराने फिरवावे तो कण बसतात, आणखी जोराने फिरवावे तो त्याहून बारीक. तांदूळ रोळताना खडा आधी मागे राहतो त्यातलाच प्रकार. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आल्बेर क्लोद यांनी ही पद्धत १९३० व १९४० च्या दशकांत बसवली. दुसरे साधन साखर. निव्वळ पाण्यात कण पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. योग्य गोडीच्या पाण्यात ते जसेच्या तसे राहतात. एवढ्या मोठ्या शास्त्राची किल्ली साखरेच्या डब्यात निघावी याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

येथे बेल्जियममधील क्रिस्तियां द दुव्ह यांची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९४९ साली ते उंदराच्या यकृताचा काढा असाच भाग भाग करून तपासत होते. त्यातील एका पाचक द्रव्याचा जोर अपेक्षेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच भरला. काही चुकले असे समजून नळ्या शीतकपाटात ठेवून दिल्या. पाच दिवसांनी पुन्हा पाहिले तो जोर पुरता आलेला! दुसऱ्या कोणी "पहिल्या दिवशी हिशेब चुकला" म्हणून सोडून दिले असते. यांनी ताडले की ते पाचक द्रव्य पहिल्या दिवशी कणांच्या आत कोंडलेले होते. पाच दिवसांत कणांची पटले झिरपली आणि ते बाहेर आले. अशा कणांस त्यांनी १९५५ मध्ये लायसोसोम हे नाव दिले. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यास लयकारिका म्हणतात. यातून एक कसोटीही आयती मिळाली. कण शाबूत आहेत की फुटले हे कसे ओळखावे? आतले पाचक द्रव्य बाहेर काम करीत नसेल तर डबा बंद आहे. साबणासारखे द्रव्य घालून पटल विरघळवताच ते जोराने काम करू लागले तर आत माल होता हेही सिद्ध झाले. द दुव्ह यांचा दुसरा दंडक आमच्या नातीने आम्हांस दोनदा ऐकवला: कोणताही भाग, मग ते वरचे पाणी का असेना, टाकून द्यावयाचा नाही. सर्व भागांची बेरीज मूळ काढ्याइतकी आली तरच जमाखर्च खरा. क्लोद, द दुव्ह आणि जॉर्ज पॅलाडी यांस १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

श्वेतपेशींच्या कणांचा मान रॉकफेलर संस्थेतीलच झॅन्व्हिल कोहन आणि जेम्स हर्श या दोघांकडे जातो. १९६० साली त्यांनी सशाच्या पोटाच्या पोकळीत जमवलेल्या पांढऱ्या पेशी साखरेच्या पाण्यात घेतल्या. प्रमाण म्हणाल तर लिटरभर पाण्यास सुमारे ११६ ग्रॅम साखर, म्हणजे लिंबाच्या सरबताइतके गोड. बारीक नळीतून वरखाली ओढून पेशी फोडल्या, आधी हळू फिरवून केंद्रके व न फुटलेल्या पेशी काढल्या, मग सुमारे आठ हजार पटींच्या ओढीने कण बसवले. त्या कणांत जंतूंस मारणारी व पचविणारी द्रव्ये भरलेली सापडली. पुढे हर्श यांनी सूक्ष्मदर्शकातून चलच्चित्र घेऊन दाखवले की पेशी जंतू गिळते त्या क्षणी हे कण एकामागून एक त्या गिळलेल्या घासाभोवती रिते होतात.

आमच्या नातीच्या मते या कामात तीन संकटे आहेत. केंद्रक फुटले की त्यातला डीएनएचा धागा बाहेर पडून सगळ्याचा चिकट गोळा होतो, मीशरला झाला तसा. त्यावर द्रावणात थोडा मॅग्नेशियमचा क्षार घालतात. दुसरे म्हणजे उष्णता. म्हणून आरंभापासून अखेरपर्यंत सारे बर्फात. तिसरे संकट खरे अवघड. यकृताच्या कणांत पाचक द्रव्ये असतात, पण न्यूट्रोफिल हा तर दारूगोळ्याचा कोठारी! दहा कण फुटले तरी त्यांतील द्रव्ये उरलेल्या नव्वदांस आणि त्यांच्या पटलांस कुरतडू लागतात. म्हणून पेशी फोडण्यापूर्वी त्यांस अशी द्रव्ये देतात की ती या पाचकांच्या तोंडास कुलूप घालतात. त्यांतील एक इतके विषारी आहे की ते हाताळताना आमच्या नातीस बोलण्याचीही परवानगी नसते. हे ऐकून तिच्या आजीने तिला ती नोकरी सोडावयास सांगितले, ही गोष्ट अलाहिदा.

मग पेशी फोडावी कशी? बत्त्याने कुटावी तर कण फुटतात, ध्वनिलहरींनी हादरवावी तर तेच. यावरचा तोडगा फार सुंदर आहे. आमच्या लहानपणी मनमाडच्या फलाटावर गोटीच्या सोड्याच्या बाटल्या मिळत. गोटी आत दाबताच बाटलीभर बुडबुडे उसळत. दाबून ठेवलेला वायू सुटा झाला की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर धावतो. पेशींचे पाणी पोलादी भांड्यात बर्फावर ठेवून त्यात नत्रवायू वातावरणाच्या सुमारे सत्तावीसपट दाबाने भरतात. काही मिनिटांत वायू पेशींच्या आतही विरतो. मग खालची तोटी उघडून पाणी थेंब थेंब बाहेर सोडावे. एकाएकी दाब सुटल्याने बुडबुडे उठतात आणि पेशींची बाहेरची भिंत उकलते. आतले कण इतके लहान की त्यांस धक्का बेताचाच लागतो. वायू फैलावताना पाणी तापत नाही, उलट थंड होते; आणि नत्रवायू निरुपद्रवी असल्याने काही गंजतही नाही.

हा काढा एका विशेष द्रवावर ओततात. त्या द्रवाचे नाव पर्कोल. वाळूचेच जे द्रव्य त्याचे अतिसूक्ष्म कण त्यात तरंगत असतात. खाली जड, वर हलका असे दोन थर नळीत भरून फिरवले की प्रत्येक प्रकारचे कण आपापल्या जडपणाच्या पातळीवर जाऊन थांबतात. आमच्या यार्डात एका गाडीचे डबे सोडवून भुसावळचे एका रुळावर आणि दौंडचे दुसऱ्या रुळावर लावतात तसे. सर्वांत खाली एक पट्टा बसतो. त्यात जे द्रव्य असते ते हिरवट. पुवास जी हिरवी झाक असते ती याचीच. मधल्या पट्ट्यात दुसरे कण, ज्यांत लोहास पकडून ठेवणारे, आईच्या दुधातही असणारे एक प्रथिन असते. सर्वांत वर पेशींच्या बाहेरील भिंतींचे तुकडे. डेन्मार्कचे नील्स बोरेगार्ड यांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली आणि पुढे बहुतेकांनी तीच उचलली.

आता घरगुती कारण. अक्कांचे लग्न होऊन त्यांस दोन मुलगे व एक मुलगी झाली. दोघे मुलगे पाच वर्षांचे होण्यापूर्वी गेले. थोरला १९६६ साली, धाकटा १९६९ साली. दोघांचे दुखणे एकच. मानेत गाठ येई, ती फुटे, पू वाही, भरे, आणि महिन्याभरात काखेत दुसरी येई. धाकट्याच्या यकृतात पू झाला होता. पेनिसिलीन दिले, हवापालट केली, नारायणनागबळीही झाला. मुलगी मात्र ठणठणीत. धाकट्याचे तेरावे झाल्यावर अक्का माहेरी आल्या त्या कायमच्या. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो त्या वर्षी, आणि तो आमच्या बहिणीविषयी होता. मेहुणे सज्जन होते; पण त्या शब्दास त्यांनी कधी उत्तर दिले नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा येथील डॉक्टरांनी १९५७ मध्ये नेमक्या अशाच लहान मुलग्यांचे वर्णन छापले होते: वारंवार गळवे, गाठी, यकृतात पू आणि लवकर मृत्यू. १९६७ साली, म्हणजे आमच्या घरच्या दोन मृत्यूंच्या दरम्यान, तेथील मंडळींनी दाखवले की या मुलांच्या श्वेतपेशी जंतू गिळतात, पण त्यांस मारू शकत नाहीत. निरोगी पेशी जंतू गिळताच श्वासासारखा प्राणवायू झपाट्याने ओढून त्यापासून दाहक द्रव्ये तयार करते. या मुलांच्या पेशींत ती भट्टी पेटतच नव्हती. पण त्या भट्टीचा कोणता भाग नादुरुस्त? येथे कण व पटले अखंड काढण्याची विद्या कामास आली. १९७१ साली थॉमस स्टॉसेल व त्यांचे सहकारी यांनी पेशींस तेलाचे सूक्ष्म थेंब गिळावयास लावले. मग पेशी फोडून फिरवल्या तो घास घेतलेल्या पिशव्या, लोणी ताकावर यावे तशा, तरंगून वर आल्या. १९७८ मध्ये लंडनचे अँथनी सीगल आणि ब्रिस्टलचे ओवेन जोन्स यांनी गिळलेल्या घासाच्या पिशव्या वेगळ्या काढून त्यांच्या पटलात पूर्वी माहीत नसलेले एक लोहयुक्त रंगीत प्रथिन शोधले. रोगी मुलांच्या पेशींत ते पाहावे तो त्याचा पत्ता नाही. बोरेगार्ड यांच्या नळीने पुढचे दाखवले: निवांत पेशीत हे प्रथिन मधल्या पट्ट्यातील कणांच्या पटलात साठवलेले असते आणि पेशी चेतताच बाहेरच्या पटलावर येते. १९८६ साली बोस्टनमधील स्टुअर्ट ऑर्किन यांच्या मंडळींनी त्याचे जनुक हाती घेतले. ते एक्स नावाच्या गुणसूत्रावर निघाले.

मुलग्यास एकच एक्स असते आणि ते आईकडून येते. मुलीस दोन असतात, एक बिघडले तरी दुसरे काम भागवते. म्हणून या रोगाच्या बहुसंख्य प्रकारांत आई निरोगी, मुली निरोगी आणि मुलगे निम्मे आजारी. (याचे दुसरेही प्रकार आहेत, ज्यांत आईबाप दोघांकडून दोष यावा लागतो आणि मुलीही आजारी पडतात. ते निकटच्या नात्यांतील विवाहांत अधिक आढळतात. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची हौस ज्या घरांत अद्याप आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे असे आम्हांस वाटते.)

हे सारे आमच्या नातीने त्या उन्हाळ्यात चिकाच्या पातेल्याजवळ बसून सांगितले, आणि सांगता सांगता ती थांबली. अक्कांच्या मुलीच्या मुलीस एक मुलगा आहे. तो तेव्हा चार वर्षांचा होता. बीसीजीची लस टोचल्यावर त्याच्या काखेत गाठ येऊन वाहिली होती आणि त्या वर्षात त्यास दोन गळवे झाली होती.

सकाळच्या पंचवटीने मंडळी दादरला उतरली. परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्यूनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था आहे; तेथे अशा मुलांची तपासणी होते. मनमाडहून मुंबई सुमारे २६० किलोमीटर. रक्त ताजे लागते, तेव्हा बाटली पाठविण्यापेक्षा माणसेच गेली. तपासणी अगदी थोड्या रक्तात होते. तेथे कोणी कण वेगळे काढीत बसत नाही. तो खटाटोप इतरांनी करून ठेवल्यामुळेच आता काय पाहावयाचे हे ठाऊक आहे. पूर्वी एक पिवळे द्रव्य पेशींस देत; भट्टी पेटली तर ते गर्द निळे होई. आता असे द्रव्य देतात की जे भट्टी पेटताच चमकू लागते, आणि यंत्र हजारो पेशी एकेक करून मोजते. मुलाच्या पेशी चमकल्या नाहीत. त्याच्या आईच्या पेशींचे दोन ढीग पडले, एक चमकणारा, एक काळोखा. अक्का हट्टाने बरोबर गेल्या होत्या आणि त्यांनीही हात पुढे केला होता. त्यांच्या रक्ताचेही दोन ढीग पडले.

घरी परतल्यावर नातीने कागदावर चित्र काढून त्यांस सर्व समजावले. अक्का चष्मा लावून पाहत होत्या.

"म्हणजे आले माझ्यातूनच ना गं?" त्यांनी विचारले.

नात क्षणभर अडखळली. खोटे सांगणे तिच्या स्वभावात नाही. "हो आजी, तुझ्यातून. तुला तुझ्या आईकडून आले असेल, किंवा वाटेत कोठेतरी नव्याने झाले असेल. डोळ्यांचा रंग येतो तसे. कोणी काही केले म्हणून येत नाही, आणि काही केले म्हणून टळतही नाही."

अक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यांना हे कळावयास हवे होते." मेहुण्यांस जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

मुलास आता रोज दोन औषधे चालू आहेत, एक जंतूंविरुद्ध आणि एक बुरशीविरुद्ध. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे रोपण करून हा रोग मुळातून घालवता येतो. त्याच्या बहिणीची मज्जा जुळते का याची तपासणी व्हावयाची आहे. शेणखत, कुजलेला पालापाचोळा व जुने गवत यांपासून त्यास दूर ठेवावे असे डॉक्टरांनी बजावले आहे, कारण त्यांतील बुरशी श्वासावाटे गेली तर अशा मुलांस भारी पडते. आमच्या मागील दारी खताचा खड्डा होता. तो बुजवून वर फरशी घातली. यंदा कुरडया त्या फरशीवर खाट टाकून वाळत घातल्या होत्या आणि तो पोरगा त्यांच्याभोवती कावळे हाकीत होता. अक्का दारातून त्याच्या आईस विचारीत होत्या, "सकाळचे औषध जेवणाआधी द्यावयाचे की नंतर? आज दिले का गं?"